गेलेल्यांच्या हातातली चावी

परवा बँकेतल्या मुलीने माझ्या फोनवर कसलीशी नवी सोय चालू करून दिली आणि म्हणाली, "काका, एकदम सुरक्षित आहे हं!" माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "कोणापासून?" ती गोंधळली. मग हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली. मीही बाहेर आलो. पण तो प्रश्न माझा नव्हता. तो परब टीचरचा होता, आणि त्यांनी तो विचारला की माणसं हसून पुढच्याकडे वळू शकत नसत.

शालन परब डिचोलीजवळच्या आमच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायच्या, मी गणित. मी सावंतवाडीकडचा. गोव्यात शिकवणाऱ्या बाईला सगळे टीचर म्हणतात हे मला तिथे गेल्यावरच कळलं. परब टीचरना डॉक्टरेट मिळाली तेव्हा शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी त्यांना दोन दिवस 'डॉक्टर' म्हणून पाहिलं आणि मग पुन्हा टीचरवर आले. त्यांचं काही बिघडलं नाही. हळर्णहून रोज स्कूटरने यायच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बुटांकडे कुणी पाहिलं तर त्या त्याच्या डोळ्यांत पाहायच्या. उंची बेताची, पण आवाज असा की शेजारच्या वर्गात मी फळ्यावर समीकरण लिहीत असताना त्यांचं वाक्य माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत उतरायचं.

त्यांचा विषय गुप्तलेखन, आणि त्यातही एकच कोपरा: अनेक माणसांनी मिळून एक गुप्त चावी कशी ठरवायची. दोघांचं गुपित राखणं सोपं, म्हणायच्या त्या, घराघरात राखलं जातं. पन्नास जणांचं राखून दाखवा. या विषयाचा त्यांचा पहिला तास बघायला मी एकदा मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. त्यांनी चार मुलांना वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभं केलं. प्रत्येकाने मनात एक आकडा धरायचा, कुणाला सांगायचा नाही. शेजाऱ्याकडून आलेल्या आकड्यात आपला आकडा ठरावीक रीतीने मिसळायचा आणि जे उत्तर येईल ते मोठ्याने ओरडून पुढच्याला द्यायचं. बाकीचा वर्ग चोर. चोरांनी सगळं ऐकायचं, लिहून घ्यायचं. फेऱ्या पूर्ण झाल्या तेव्हा चौघांच्या कागदांवर एकच आकडा होता, आणि सगळं ऐकूनही बाकीच्या वर्गाला तो सापडेना. मुलं खूश झाली. टाळ्या पडल्या. टीचर मात्र खडू हातात घेऊन उभ्याच.

"टाळ्या कसल्या? चोर भायलोच असता असा कोणी सांगल्यान तुमका?" त्या म्हणाल्या. "या चौघांतलाच एक उद्या फुटला तर? एक रुसून निघून गेला तर? त्याच्या डोक्यातला आकडा काढून घ्याल?"

त्या वर्षीचा त्यांचा खरा अभ्यासक्रम तिथून सुरू झाला.

सिद्धता या शब्दावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. मी गणिताचा माणूस, मला ते लागायचं. एकदा चहाच्या मेजावर मी म्हटलं, "टीचर, सिद्ध झालं ते झालं. त्यात मत कसलं?" त्या म्हणाल्या, "सावंत सर, सिद्धता म्हणजे कबुली. आपण काय काय गृहीत धरलं त्याची. लोक शेवटची ओळ वाचतात, मी पहिली वाचते." आणि माझ्या बशीतला उंड्याचा, इथल्या कडक पावाचा, उरलेला तुकडा उचलून खाल्ला. माझ्या बशीतलं खाणं हे त्यांचं नेहमीचंच होतं.

मध्यंतरी आमच्या संस्थेने फर्मान काढलं की सगळ्या कर्मचाऱ्यांनी हजेरीसाठी आपापल्या फोनवर एक अॅप घ्यायचं. आपण कुठे आहोत ते त्या अॅपला कायम कळायचं. सगळ्यांनी कुरकुर केली आणि घेतलं. मीही घेतलं. परब टीचर दुसऱ्या दिवशी बटणांचा जुना फोन घेऊन आल्या. संस्थेचे सचिव स्वतः स्टाफरूममध्ये आले.

"टीचर, तुमी संगणक शिकवतात आणि असलो फोन?"

"संगणक शिकवतें म्हणूनच," त्या म्हणाल्या. "माझी हजेरी माझ्या वर्गाला विचारा. साठ साक्षीदार आहेत."

सचिवांनी वर्गाला विचारलं नाही. तो बटणांचा फोन टीचरनी अॅप बंद होईपर्यंत वापरला, आणि अॅप काही महिन्यांतच बंद पडलं, कारण त्यात संस्थेच्या गाडीचा चालक रविवारी कुणाकुणाला कुठे नेतो तेही दिसू लागलं होतं.

हे सगळं गमतीचं. आता जे सांगायचं आहे ते वेगळं.

मांद्र्याला सुनंदाताई म्हणून एक बाई आहेत. त्यांचं छोटं गेस्टहाऊस. हंगामात परदेशी पाहुणे, आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत वर्षभर दुसऱ्याच बायका. नवऱ्याने मारलेल्या, घराबाहेर काढलेल्या, कधी पोरांसकट. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या पंचवीस-तीस बाया हे काम करायच्या. कुणी पाळी गावची, कुणी हळर्णची, काही बेळगाव-कोल्हापूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतल्या. कुठली बाई कुठून निघाली, तिला कुठे उतरवायचं, हे सगळं फोनवरच्या एका साध्या गटात लिहिलं जायचं. एकदा एका बाईला डिचोलीच्या स्टँडवर उतरवायचं ठरलं आणि तिथे तिचा नवरा आधीच उभा होता. रिक्षावाल्याने प्रसंग ओळखून रिक्षा थांबवली नाही, म्हणून निभावलं. मागाहून कळलं, गटातलीच एक बाई त्या नवऱ्याच्या नात्यातली होती.

सुनंदाताई थेट आमच्या कॉलेजात आल्या. संगणक विभागाचे प्रमुख नायक सर भला माणूस. त्यांनी काम मनावर घेतलं. नायक सरांचा या विषयात मोठा लेख छापून आला होता, बाहेर नाव होतं, आणि परब टीचरची डॉक्टरेट त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झालेली. त्याच लेखाच्या आधारे त्यांनी त्या बायकांसाठी एक पद्धत बेतली. त्यात मालक कुणी नाही. प्रत्येक बाईच्या फोनने आपला वाटा घालायचा, झाडाच्या फांद्यांसारखे हे वाटे जुळत जायचे आणि त्यातून सगळ्यांची मिळून चावी व्हायची. एखादी सोडून गेली की चावी बदलायची. पाळीच्या डोंगराआड फोनला रेंज मिळत नाही, म्हणून चावी बदलताना कमीत कमी निरोप जावेत अशी सरांनी एक सुंदर युक्ती काढली होती. सुंदर हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मी ती सिद्धता ओळ न् ओळ तपासली होती. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

वापर सुरू करण्याआधी विभागातल्या कुणीतरी तपासून सही करायची होती. ते काम टीचरकडे आलं.

पंधरवडाभर त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. माझ्या बशीतलंही खाल्लं नाही. मग विभागाच्या बैठकीत, मलाही बोलावलं होतं तिथे, म्हणाल्या, "मी सही करूचंय नाय."

नायक सरांना वाटलं थट्टा आहे. "चूक कुठाय?"

"सिद्धतेत नाही. पहिल्या ओळीत आहे. तुम्ही धरलंय, सोडून जाणारी एका वेळी एकच. तिला एकटीला काही उघडता येत नाही, हे बरोबर आहे. पण तुम्ही निरोप वाचवायला नव्या चावीत जुन्या चाव्यांचे तुकडे वापरता. एक तुकडा एका फांदीवरच्या बायकांकडे, दुसरा दुसऱ्या फांदीवरच्या. दोन वेगवेगळ्या फांद्यांवरच्या दोघी गेल्या आणि दोघींनी आपापले तुकडे जोडले, तर आजची चावीही त्यांच्या हातात."

सर फळ्याकडे वळले. "पण शालन, दोन गेलेल्या बायका एकमेकींना कशाला शोधतील? त्यांना कळणार कसं की आपल्याकडे तुकडा आहे?"

"सर, पेडण्यात दोन बायका भेटायला कारण लागत नाही. एक लग्न पुरे."

कुणीतरी हसलं. टीचर हसल्या नाहीत. त्या आदल्या दिवशी मांद्र्याला जाऊन आल्या होत्या. आजवर गटातून कोण कोण बाहेर पडलं ते त्यांनी सुनंदाताईंना विचारलं होतं, आणि त्यात पाळीच्या दोघी होत्या. एक आधी सोडून गेलेली, दुसरीला काढलेली. दोघी जावा होत्या. एका घरात राहणाऱ्या, एका चुलीवर जेवणाऱ्या.

"स्टँडवर उभा होता तो माणूस त्यांचा धाकटा दीर," टीचर म्हणाल्या. "आता सांगा, एकमेकींना शोधायला त्यांना किती लांब जावं लागेल?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आणि त्या पद्धत तपासायला केलेल्या चाचणीच्या गटात होतो, वेगवेगळ्या फांद्यांवर, आणि आठवड्याभरापूर्वी त्यांच्या सांगण्यावरून दोघेही बाहेर पडलो होतो. का ते मला सांगितलं नव्हतं. माझ्या फोनमधला उरलेला तुकडा त्यांनी आपल्या संगणकावर घेतला, स्वतःचा जोडला, आणि त्या दिवशी सकाळी गटात गेलेला निरोप पडद्यावर वाचून दाखवला. नायक सरांनीच पाठवला होता तो: 'सर्वांचे अभिनंदन.'

नायक सरांनी आपला फोन मेजावर उलटा ठेवला.

खरं म्हणजे तिथेच संपायला हवं होतं. पण उद्घाटनाला मंत्री येणार होते, पत्रिका छापल्या होत्या. सचिवांनी टीचरना बोलावून सांगितलं, आत्ता सही करा, सुधारणा मागाहून होत राहतील. टीचर तिथून निघाल्या, स्कूटर काढली आणि तडक मांद्र्याला जाऊन सुनंदाताईंना सांगितलं की हे वापरू नका, जुनंही वापरू नका, तोंडाने निरोप पाठवा. आणि आपला हल्ला, म्हणजे ही पद्धत नेमकी कशी मोडते ते, लिहून सगळ्यांना वाचता येईल असा नेटवर टाकला. सरांचं नाव, कॉलेजचं नाव, सगळ्यासकट.

चौकशी बसली. संस्थेची बदनामी, शिस्तभंग, गुरुद्रोह. हा शेवटचा शब्द आरोपपत्रात नव्हता, पण स्टाफरूममध्ये तोच जास्त चालायचा. मी गणिताचा साक्षीदार म्हणून आत होतो. समितीवरचे एक ज्येष्ठ गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "टीचर, एक माफीचा कागद द्या, आम्ही मिटवतो. तुम्हाला त्रास द्यायचा आमचा हेतू नाही."

"देते," टीचर म्हणाल्या. "आत्ता लिहून देते. फक्त आधी कुणीतरी माझ्या गणितातली चूक दाखवा."

"प्रश्न गणिताचा नाही."

"मग मला इथे कशाला बसवलंय? मला दुसरं काही येत नाही."

नायक सर समोरच बसले होते. त्यांना काही बोलायचं आहे का, असं विचारलं गेलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. टीचरनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की टीचरचं गणित बरोबर आहे. ते नोंदवून घेतलं गेलं आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही. टीचरना पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत टाकलं, जिथे मुलांना संगणक चालू-बंद करायला शिकवतात. त्यांनी ते सत्र पूर्ण केलं. "पोरांचा काय दोष?" म्हणाल्या. आणि मग राजीनामा दिला, एका ओळीचा.

त्यानंतर मी अधूनमधून हळर्णला जायचो. आई आणि त्या, दोघीच घरात. मागे काजूची बाग. जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, मेज लावून टीचर दिवसभर काम करायच्या आणि मधेच उठून बागेतल्या वानरांना त्याच वर्गातल्या आवाजात ओरडायच्या. गावातली माणसं विचारायची, नोकरी कित्याक सोडली? त्या म्हणायच्या, "सोडली नाय. त्यांका झेपूक नाय."

एकदा मी पोचलो तर व्हरांड्यातल्या कदेलवर, लाकडी खुर्चीवर, नायक सर बसलेले. एकटे. बस बदलत आले होते. मी परत फिरणार होतो, टीचरनी हातानेच बसा म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "शालन, मी महिनाभर तुझ्या हल्ल्यात चूक शोधली. रोज. मला ती हवी होती. नाही सापडली. लेख मागे घेतोय म्हणून मासिकाला कळवलं काल."

टीचरची आई आतून पाणी घेऊन आली. टीचरनी भांडं सरांपुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी समितीत बोलायला हवं होतं सर."

"हो."

"मी विसरणार नाही ते."

"नको विसरू," सर म्हणाले.

"बरं. मग आता ती युक्ती टाकून न देता दुरुस्त कशी करायची बघूया. रेंजचा प्रश्न खरा आहे." आणि त्यांनी फळा ओढला. हो, व्हरांड्यात फळा होता. त्या दिवसापासून दर शनिवारी सर हळर्णला यायला लागले. टीचर त्यांना सर म्हणायच्या, उठून उभ्या राहायच्या आणि त्यांची प्रत्येक ओळ खोडायच्या.

दोघांची पहिली दुरुस्ती एका कर्नाटकातल्या संशोधक मुलीने मोडली. भर परिसंवादात. मी तिथे होतो. आमच्या बाजूची माणसं त्या मुलीवर तुटून पडली, तू म्हणतेस तसा हल्ला व्यवहारात शक्य नाही वगैरे. टीचर उठल्या आणि आपल्याच माणसांना म्हणाल्या, "खाली बसा. ती बरोबर बोलतेय. असंच मला ऐकवून घरी बसवलं होतं." त्या मुलीला त्यांनी हळर्णला बोलावलं, आठवडाभर ठेवून घेतलं आणि निघताना काजूची पिशवी दिली. दुसरीही टिकली नाही; तिसरी दुरुस्ती उभी राहिली त्यात तिचंही नाव आहे, सगळ्यात आधी.

ती पद्धत सुनंदाताईंच्या बायकांच्या फोनवर आली तेव्हा मंत्री नव्हते की पत्रिका नव्हत्या. गेस्टहाऊसच्या अंगणात टीचरनी सगळ्यांना बसवून शिकवलं. पाळीच्या दोघी जावाही बोलावल्या होत्या, मोडून बघायला; चाचणीपुरतं त्यांना आत घेऊन पुन्हा काढलं होतं. त्या घाबरत आल्या होत्या. दीर आता वेगळा राहतो, असं मोठीने कुणी न विचारता सांगितलं. टीचर त्यांना म्हणाल्या, "तुमच्याकडे जे काय उरलंय ते सगळं काढा. लाजू नका. आज तुम्ही चोर. मन लावून चोरी करा." दुपारपर्यंत नाना प्रकारे प्रयत्न झाले. उघडलं नाही. धाकटी जाऊ निघताना म्हणाली, "टीचर, आमका परत घेशात?" टीचरनी सुनंदाताईंकडे बोट केलं. तो निर्णय त्यांचा नव्हता. पुढे घेतलं त्यांना, सगळ्यांना विचारून.

मग टीचर आजारी पडल्या. काय झालंय ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं आणि वर म्हणाल्या की या विषयावर दुसरं वाक्य होणार नाही. झालं नाही. बांबोळीच्या इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या, केस गेले, स्कूटर सुटली. एका सकाळी त्यांचा फोन आला की मांद्र्याला सोडा. मी माझी गाडी घेऊन गेलो. वाटेत नायक सरांना घेतलं.

अंगणात गटातल्या बऱ्याच बाया जमल्या होत्या. टीचर खुर्चीवर बसल्या आणि सुनंदाताईंना म्हणाल्या, "मला गटातून काढा."

एकदम गलका झाला. "टीचर, तुमच्याच हातची वस्तू ही," सुनंदाताई म्हणाल्या. "तुमका कशी काढू? असला काय बोलू नका."

"सुनंदा, ऐक. माझा फोन उद्या कोणाच्या हातात पडेल मला ठाऊक नाही. भाचा घेईल, दुकानात जाईल, कुठेही जाईल. मी असेन तोवर माझ्यावर तुझा विश्वास असू दे. माझ्या फोनवर कशाला?"

"पण टीचर..."

"माणूस गेल्यावर काढायचं नसतं. आधी काढायचं असतं. मी जिवंत असताना काढ, म्हणजे मला बघता येईल."

सुनंदाताईंनी पदराने डोळे पुसले आणि बटण दाबलं. फोनांवर एकामागून एक बारीक आवाज होत गेले. सगळ्यांची चावी बदलत होती. टीचरनी संगणक मांडीवर घेतला. त्यांनी तयारीच करून आणली होती. स्वतःचे सगळे जुने तुकडे, नायक सरांचे, माझे. चाचणीपुरते आत घेतलेले सर आणि मी आधीच बाहेर पडलो होतो; आम्ही तिघेही आता गेलेले. "सुनंदा, काहीतरी लिहून पाठव," त्या म्हणाल्या.

सुनंदाताईंनी लिहिलं. बाकीच्या बायकांनी आपापल्या फोनवर वाचलं. एक-दोघी उठून मागच्या बाजूला गेल्या.

टीचर कामाला लागल्या. थकलेल्या बोटांनी, पण सगळं करून पाहिलं. एक जोडून, दोन जोडून, तिन्ही जोडून. पडद्यावर नुसता कचरा. नायक सरांनी एक वेगळी वाट सुचवली, तीही केली. कचरा. मग त्यांनी मान वर केली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"वाचूक येणा नाय!" त्या ओरडल्या. तोच आवाज. "काय केल्या वाचूक येणा नाय माका!"

सुनंदाताई जवळ येऊन खाली बसल्या. "टीचर, तुमकाच लिवलेला ता. वाचून दाखवू?"

"नको गो," टीचर म्हणाल्या. "वाचून दाखवलंस तर मी एवढी खटपट कशाला केली?"

त्यांनी संगणक मिटला आणि उठल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. गाडी अंगणाच्या टोकाला उभी होती, ऊन चढलं होतं. डोक्याला बांधलेला रुमाल सरळ करत, संगणक काखेत धरून त्या अंगणातल्या तापलेल्या वाळूतून एकट्या चालत गेल्या, आणि मागच्या बायकांपैकी कुणाच्याही हातातल्या फोनकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.